चार्जर तापतोय, पण किती?

सबमिशनचा आठवडा असो नाही तर आयपीएलची फायनल, हॉस्टेलच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ए, हात लावून बघ ना, हे एवढं गरम होणं नॉर्मल आहे का?" मग खोलीतले सगळे आळीपाळीने चार्जरला हात लावतात. एक म्हणतो, "होतंच यार एवढं." दुसरा म्हणतो, "काढ आधी, फुटेल!" तिसरा झोपलेला असतो, त्यालाही उठवून त्याचं मत घेतलं जातं. निकाल काही लागत नाही. चार्जर परत सॉकेटमध्ये जातो, फोन उशीखाली जातो, आणि दिवा बंद होतो.

गंमत म्हणजे या प्रश्नाला आकड्यात उत्तर आहे. विजेवर चालणाऱ्या वस्तूचा बाहेरचा पृष्ठभाग, म्हणजे माणसाचा हात जिथे लागू शकतो तो भाग, किती तापलेला चालेल हे जगभरातल्या इंजिनिअर्सनी बसून ठरवलेलं आहे. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशनने (ही संस्था 1906 पासून हेच काम करते, तिला सगळे आयईसी म्हणतात) फोन, लॅपटॉप, चार्जर, टीव्ही वगैरेंसाठी 62368-1 या नंबरचं सुरक्षा मानक केलंय. त्यात स्पर्श-तापमानाचा एक अख्खा तक्ताच आहे. शिवाय 2010 मध्ये आयईसीने ‘गाइड 117’ नावाची पुस्तिका काढली. कुठल्याही विजेच्या वस्तूचं मानक लिहिणाऱ्या समितीने गरम पृष्ठभागांचा विचार कसा करावा, हे त्यात सांगितलंय. इंजिनिअरिंगवाले सोडले तर कुणी हे वाचत नाही, आणि तेही व्हायव्हा असेल तरच. पण तो तक्ता भलताच इंटरेस्टिंग आहे. कारण त्यात ‘एवढ्या अंशांपर्यंत चालेल’ असा एकच आकडा नाहीच. हात कशाला लागतोय आणि किती वेळ लागतोय, यावर सगळं ठरतं.

पेला, कटिंग आणि सायलेन्सर

‘कशाला’ हे आधी बघू, कारण ते तुम्हाला आधीच माहीत आहे. एकाच पातेल्यातला चहा स्टीलच्या पेल्यात आणि टपरीवरच्या काचेच्या ग्लासात ओता. कटिंगचा ग्लास वरच्या कडेला दोन बोटांनी धरून आपण आरामात गप्पा मारतो. स्टीलचा पेला मात्र रुमालात, नाही तर आजीसारखा पदरात धरावा लागतो. चहा तोच, तापमान तेच. तव्याचं तसंच. लोखंडी कान धरायला सांडशी हवी, आणि लाकडी मूठ असेल तर नुसता हात चालतो.

यामागचं कारण असं, की आपल्याला वस्तूचं तापमान थेट जाणवत नाही. जाणवते ती वस्तूतून त्वचेत किती वेगाने उष्णता शिरतेय ती. धातू आपल्या आतली उष्णता धडाधड बोटाकडे पाठवतो, आणि संपली की मागून आणखी आणतो. लाकूड नाही तर प्लॅस्टिक त्या बाबतीत आळशी. बोट टेकलं की त्याचा वरचा थर उलट आपल्यामुळेच थोडा गार होतो आणि आतली उष्णता यायला वेळ लागतो. म्हणून उन्हात उभ्या गाडीवर बसलं की सीटपेक्षा हेल्मेटचं बक्कल जास्त चावतं. आणि बाईकच्या सायलेन्सरचा पोटरीवरचा डाग तर प्रत्येक कॉलेजच्या ग्रुपमध्ये एकाच्या तरी पायावर सापडतो. तिथे पाय जेमतेम क्षणभर टेकलेला असतो.

आता तक्ता. ज्या भागाला फक्त ओझरता, एका सेकंदापेक्षाही कमी स्पर्श होईल, तो धातूचा असेल तर 70 अंश सेल्सिअसपर्यंत चालतो, काचेचा 85 पर्यंत, प्लॅस्टिकचा 94 पर्यंत आणि लाकडाचा तर चक्क 140 पर्यंत. एक ते दहा सेकंद हात लागणार असेल तर हेच आकडे 60, 71, 77 आणि 107 वर येतात. दहा सेकंद ते एक मिनिट धरायचं असेल तर धातू 51, काच 56, प्लॅस्टिक आणि लाकूड 60. आणि एका मिनिटापेक्षा जास्त वेळ हातात राहणारी वस्तू असेल तर सगळ्यांना एकच आकडा आहे, 48. तिथे कशाचं बनलंय हा प्रश्नच उरत नाही, कारण एवढ्या वेळात लाकूडसुद्धा आपली उष्णता निवांत त्वचेत पोचवतं.

म्हणजे चार्जरचं काय? प्लॅस्टिकचा अ‍ॅडॉप्टर आपण लावतो, काढतो, काही सेकंदांचा स्पर्श. तेव्हा तो 1 ते 10 सेकंदांच्या रकान्यात धरला, तर 77 अंशांपर्यंत तो पास आहे. सत्त्याहत्तर! मला हा आकडा पहिल्यांदा वाचताना छापण्यातली चूक वाटली होती. 77 अंशांच्या पाण्यात कुणी बोट घालणार नाही. पण प्लॅस्टिक म्हणजे पाणी नव्हे. तेव्हा ‘हात लावला तर गरम लागतंय’ एवढ्यावरून चार्जर खराब ठरत नाही. रूममेटपैकी "होतंच यार एवढं" म्हणणारा अगदीच चुकलेला नसतो. लागलीच पेटी वाजवू नका, कारण तो पूर्ण बरोबरही नाही.

डुकराच्या कातडीवरचा अभ्यास

हे आकडे आले कुठून? कुणाला तरी भाजून बघितल्याशिवाय असे आकडे मिळत नाहीत, आणि तसंच झालंय. हार्वर्डच्या अ‍ॅलन मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी 1947 मध्ये भाजण्यावरच्या आपल्या प्रयोगांचे निबंध प्रसिद्ध केले. मॉरिट्झ न्यायवैद्यक शास्त्रातले, म्हणजे मृत्यूचं कारण शोधणाऱ्यांपैकी. डुकराची कातडी बरीचशी माणसाच्या त्वचेसारखी असते, म्हणून प्रयोग मुख्यतः डुकरांवर झाले. काही माणसांनीही स्वखुशीने आपली कातडी पुढे केली. ठरावीक तापमानाचं पाणी त्वचेवर ठरावीक वेळ खेळवायचं आणि इजा कधी होते ते टिपायचं, एवढी साधी पद्धत.

निघालं ते असं, की 60 अंशांना त्वचा कायमची दुखावायला सुमारे 5 सेकंद पुरतात. पण 44 अंशांनाही ती दुखावते. फक्त त्याला 6 तासांच्या आसपास लागतात. 44 म्हणजे काय? अंघोळीला जरा कडक पाणी घेणाऱ्यांना त्यात काहीच वाटणार नाही. आणि 44 ते 51 च्या पट्ट्यात प्रत्येक अंश वाढला की लागणारा वेळ साधारण निम्मा होतो. म्हणजे 46 आणि 48 मध्ये ‘दोनच अंशांचा’ फरक नाही, चौपट वेळेचा फरक आहे. नंतर बराच अभ्यास झाला, धातू, काच, प्लॅस्टिक यांचे वेगळे आकडे आले. 2006 च्या आयएसओ 13732-1 या मानकात ते एकत्र मिळतात. त्यातही 10 मिनिटांच्या स्पर्शाला 48 आणि 8 तास किंवा जास्त वेळाला 43 अंश ही भाजण्याची सीमा दिलीय. तिथेही साहित्य कुठलंही असो, आकडा तोच.

आता मुद्द्याची गोष्ट. या सगळ्या तक्त्यामागे एक माणूस गृहीत धरलेला आहे. तो जागा आहे, त्याच्या बोटांना संवेदना आहे, गरम लागलं की तो हात मागे घेतो. ‘एक सेकंद’, ‘दहा सेकंद’ हे आकडे त्याच्या भरवशावर आहेत. झोपलेला माणूस हात मागे घेत नाही.

फोन चार्जिंगला लावून उशीखाली किंवा अंगाखाली घेऊन झोपलं की नेमकं हेच होतं. फोन हातात असताना ज्या रकान्यात होता, तिथून तो उडी मारून आठ तासांच्या रकान्यात जातो, जिथे सीमा 43 अंशांची आहे. आणि उशी, गादी, पांघरूण ही सगळी उष्णता अडवणारी मंडळी. टेबलावर ठेवलेला फोन आपली उष्णता हवेत सोडून देतो, उशीखाली त्याला जागाच नसते. बरे फोन तापले की चार्जिंगचा वेग कमी करतात, स्क्रीन मंद करतात, अगदीच झालं तर बंद पडतात. अ‍ॅडॉप्टरला मात्र असलं शहाणपण असेलच असं नाही. अ‍ॅपलच्या सुरक्षा सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, की फोन, अ‍ॅडॉप्टर किंवा केबल चालू असताना खूप वेळ अंगाला लागून राहू देऊ नका, त्यावर झोपू नका, पांघरुणाखाली किंवा उशीखाली ठेवू नका. ज्यांना उष्णता नीट जाणवत नाही त्यांनी जास्त काळजी घ्यावी, असंही आहे. घरी मधुमेह असलेले आजी-आजोबा असतील तर हे त्यांना सांगा. मधुमेहात पायांची, बोटांची संवेदना कमी होऊ शकते, आणि हीटिंग पॅड ‘छान ऊब देतंय’ असं वाटत असताना पाय भाजलेला असू शकतो. बाळांचंही तेच. त्यांना हात झटकन मागे घेता येत नाही, म्हणून घरात रांगणारं मूल असेल तर मोठ्या माणसासाठीचा एका सेकंदाचा हिशेब लागू पडत नाही.

मांडीवरचा ‘लॅपटॉप’

नावातच ‘लॅप’, म्हणजे मांडी, आणि मॅन्युअल सांगतं मांडीवर ठेवू नका! एचपीच्या मॅन्युअलमध्ये एकाच परिच्छेदात दोन गोष्टी आहेत. एक, उष्णतेची इजा टाळायची तर कॉम्प्युटर थेट मांडीवर ठेवू नका, हवेच्या झडपा झाकू नका, अ‍ॅडॉप्टर अंगाला किंवा उशी-गालिच्याला लागू देऊ नका. दुसरी, आमचं मशीन आणि अ‍ॅडॉप्टर आंतरराष्ट्रीय मानकातल्या पृष्ठभाग-तापमानाच्या मर्यादा पाळतात. आधी मला हे कंपनीचं नेहमीचं हात झटकणं वाटलं. पण तक्ता वाचल्यावर दोन्ही वाक्यं एकदम खरी वाटतात. मशीन मानकात बसतं, आणि तरी मांडीवर तीन तास नको. तीन तासांच्या सिरीजसाठी त्याचा तळ तपासलेला असेलच असं नाही.

2010 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात बाझल, स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी एका 12 वर्षांच्या मुलाची केस छापली. तो रोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन गेम खेळायचा, असे कित्येक महिने. डाव्या मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठले. गंमत बघा, लॅपटॉप डाव्या बाजूला तापतो हे त्याला जाणवलं होतं, पण त्याने काही जागा बदलली नाही. गेम सोडून कोण बदलतं? हे नेहमीसारखं भाजणं नव्हे. फोड नाही, आग नाही. भाजणार नाही इतपत उष्णता, साधारण 43 ते 47 अंश, पुन्हा पुन्हा एकाच जागी लागत राहिली की त्वचेचा रंग असा बदलतो. डॉक्टरी भाषेत ‘एरिथिमा अ‍ॅब इग्नी’. आजार नवा नाही, फक्त साधन नवं. चुलीसमोर वर्षानुवर्षं बसणाऱ्या बायकांच्या नडग्यांवर, काश्मीरमध्ये फिरनखाली कांगडी घेऊन फिरणाऱ्यांच्या पोटावर-मांड्यांवर हे डाग डॉक्टरांनी पूर्वीपासून बघितलेत. कांगडीमुळे वर्षानुवर्षांनी होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरबद्दल तर एल्म्सली नावाच्या डॉक्टरने 1866 मध्येच लिहून ठेवलंय. लॅपटॉपने कॅन्सर होतो असं मी म्हणत नाहीये, तेवढी हेडलाइन करू नका. पण मांडीवर जाळी दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि एक टेबल विकत घ्या. बहुतेकदा उष्णता थांबली की डाग हळूहळू फिके होतात.

ती 25 अंशांची खोली

आता तक्त्याखालची बारीक अक्षरं. हे स्पर्श-तापमान मोजतात तेव्हा खोली 25 अंशांची धरलेली असते. पाच अंश इकडेतिकडे चालतं, पण मग हिशेब 25 वर आणून लावतात.

25 अंश. मे महिन्यात. नागपूर, चंद्रपूर, अकोला इथल्या मित्रमैत्रिणींनी हसून घ्यावं.

ढोबळ गणित असं. समजा एखादा अ‍ॅडॉप्टर 25 अंशांच्या लॅबमध्ये 62 पर्यंत तापला. म्हणजे खोलीपेक्षा 37 अंश जास्त. पास. आता तोच अ‍ॅडॉप्टर दुपारी दोन वाजता पत्र्याखालच्या, 42 अंशांच्या खोलीत लावा. तो साधारण तेवढाच, म्हणजे 37 अंश वर चढणार. झाले 79. जो कागदावर 77 च्या आत आरामात होता, तो तुमच्या खोलीत बाहेर. अ‍ॅडॉप्टरमध्ये दोष काहीच नाही. जागा वेगळी. म्हणूनच अ‍ॅपल आयफोन वापरायला 0 ते 35 अंशांचीच हवा सांगते. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दुपारी पंख्याखालीसुद्धा ती मिळत नाही. एसी लॅबमध्ये बसून लिहिलेला आकडा चुकीचा नाही, कुठल्या तरी एका खोलीत मोजावंच लागतं, नाही तर दोन वस्तूंची तुलना कशी करणार? पण तो आकडा आपल्या खोलीचा नाही एवढं डोक्यात असू द्या. उन्हाळ्यात फास्ट चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे करा, अ‍ॅडॉप्टरवर टॉवेल-टीशर्ट वाळत घालू नका (हो, घालतात), आणि गेम खेळता खेळता चार्ज करणं टाळा.

आता ‘नॉर्मल आहे का’ कसं ओळखायचं? कोरोनातली कपाळाला लावायची बंदूक कुणाकडे असेल तर ती इथे कामाची नाही, तिची धाव तापाच्या आकड्यांपर्यंतच. हाताने मात्र बरंच कळतं. धातूचा पॉवर बँक आणि प्लॅस्टिकचा पॉवर बँक सारखेच तापले तरी धातूचा जास्त गरम लागणार, तेव्हा त्यांची तुलना करू नका. तुलना त्याच चार्जरची कालच्याशी करा. नेहमी कोमट असणारा चार्जर त्याच फोनला, तसल्याच हवेत अचानक चटका द्यायला लागला, तर काहीतरी बदललंय. प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी पडलं, जळका वास आला, गुणगुण ऐकू आली तर आकड्यांची वाट बघायची गरज नाही. आणि एक गोष्ट कुणीच तपासत नाही. चार्जर काढल्यावर त्याच्या पिना अंगापेक्षा जास्त गरम आहेत का? तसं असेल तर गुन्हेगार बहुतेक सॉकेट आहे. पाणी तापवायच्या रॉडने वर्षानुवर्षं ढिलं झालेलं सॉकेट पिना घट्ट धरत नाही, आणि ढिल्या जोडावर उष्णता तयार होते. तिथे नवा चार्जर घेऊन उपयोग नाही, वॉर्डनला गाठा.

हे सगळं अर्थात खऱ्या, तपासलेल्या चार्जरबद्दल. फूटपाथवरच्या दीडशेच्या चार्जरला कुठलाच रकाना लागू नाही, कारण तो कुठल्या लॅबमध्ये गेलेलाच नसतो. भारतात फोन, लॅपटॉप, त्यांचे अ‍ॅडॉप्टर, पॉवर बँक हे भारतीय मानक ब्युरोकडे, म्हणजे बीआयएसकडे नोंदवल्याशिवाय विकता येत नाहीत. 2012 च्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशातून ही व्यवस्था आली. चार्जरवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत ब्युरोचं चिन्ह शोधा. वर मानकाचा नंबर असतो. बऱ्याच चार्जरवर ‘आयएस 13252’ दिसेल, ते आयईसीच्या जुन्या 60950 चं भारतीय रूप. त्याची जागा आता 62368 घेतंय. खाली ‘आर’ आणि पुढे आठ आकडे. इस्त्री, रॉड, गिझर यांची गोष्ट वेगळी, त्यांना आयएसआय मार्क लागतो. इस्त्रीचा तळ तापणारच, ते तिचं कामच आहे. तिथे बघतात ती मूठ.

चिन्ह छापणं काही अवघड नाही, बनावट चार्जरवरही ते झोकात असतं. म्हणून नंबर तपासा. ‘बीआयएस केअर’ हे अ‍ॅप फुकट आहे, त्यात ‘आर’ नंबर टाकला की कुठल्या कारखान्याच्या, कुठल्या वस्तूसाठी तो दिलाय ते दिसतं. चार्जरवर एक ब्रँड आणि अ‍ॅपमध्ये भलत्याच कंपनीचा टीव्ही निघाला, तर काय समजायचं ते समजा. तक्रारही त्याच अ‍ॅपवरून करता येते, नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. बिल, खोक्याचा फोटो आणि चार्जरवरच्या नंबरचा फोटो एवढं हाताशी ठेवा. नंबर फोटोत वाचता येत नसेल तर दुसऱ्या फोनची टॉर्च तिरकी मारा, लगेच दिसतो.